जीवदानाची पावती

दरसाल पाऊसकाळ सुरू झाला, की कोणी तरी कड्यावरून कोसळल्याची वार्ता येते आणि तिच्या पाठोपाठ एक मागणीही ऐकू येते : बेफिकीरपणे डोंगरात जाणाऱ्यास वर काढण्याचा खर्च त्याच्याच माथी मारावा. दुसऱ्याच्या उनाडपणाचे मोल आपण का द्यावे, असा प्रश्न कोणाही करदात्यास सुचणे स्वाभाविक आहे. तथापि ही मागणी अन्यायाची व घातुकही आहे, असे आमचे मत आहे.

प्रथम हे काम करतो कोण, ते पाहू. लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’ या संस्थेचे लोक आपापला नोकरी-धंदा सांभाळून, हाक येताच दोर घेऊन धावणारे स्वयंसेवक आहेत. जुलै २०२४ मध्ये माणगाव तालुक्यातील कुंभे येथे एक तरुणी सुमारे ३०० फूट खोल दरीत पडली, तेव्हाही सरकारी माणसांबरोबर स्वयंसेवक दरीत उतरले होते. तिला वर आणले, परंतु तिचे प्राण वाचले नाहीत. अशा प्रसंगी पावती फाडून ती आईबापांच्या दारी पाठवावयाची काय? आणि जे राबले त्यांनी मोल मागितले नसता, ते वसूल कोणाच्या नावाने करावयाचे?

दुसरा प्रश्न, बेफिकीर कोण हे ठरवावयाचे कसे? पाटोदा तालुक्यातील सौताडा घ्या. बालाघाटच्या डोंगरात विंचरणा नदी तेथे कड्यावरून खाली उडी घेते, आणि दरीत रामेश्वराचे देऊळ आहे. तेथे दर्शनास भाविक उतरतो व धबधबा पाहावयास शहरातील तरुणही येतो. दोघांचा पाय एकाच शेवाळलेल्या दगडावरून घसरला, तर एकास श्रद्धाळू म्हणून फुकट काढावयाचे व दुसऱ्यास उनाड म्हणून पैसे मागावयाचे, हा कोठला न्याय?

तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर आहे. खर्चाची धास्ती बसली, म्हणजे अडकलेला मनुष्य हाक मारण्यास कचरतो. ‘थोडे थांबू, आपले आपण उतरू’ असे म्हणता म्हणता दिवस मावळतो. मग जी सुटका उजेडी तासाभरात झाली असती, तीच अंधारात, ओल्या खडकावर करावी लागते, आणि सोडविणाऱ्यांचेही जीव टांगणीस लागतात. पैसे वाचविण्यास निघालेला नियम अशा रीतीने माणसे गमावून बसेल.

प्रतिपक्ष परदेशाचे दाखले देतो. अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यात बेपर्वा माणसाकडून खर्च वसूल करण्याचा कायदा आहे, हे खरे. पण तेथे वर्षाचे अल्प मोलाचे कार्ड घेणाऱ्यास साध्या हयगयीबद्दल खर्च पडत नाही. स्वित्झर्लंडमध्ये १९५२ साली स्थापन झालेली ‘रेगा’ ही संस्था आपल्या वर्गणीदारांस, विमा अपुरा पडल्यास, बहुधा खर्च माफ करते. तेथे पावतीच्या मागे विमा किंवा वर्गणी उभी असते. बीड जिल्ह्यातून दरसाल हजारो कुटुंबे ऊसतोडीस बाहेर पडतात. त्यांतल्या एखाद्या बापाच्या मागे कोण उभे आहे? श्रीमंताचा मुलगा पैसे टाकून मोकळा होईल. गरिबाचे घर मात्र सावकाराकडे जाईल.

मग बेफिकीरास मोकळे सोडावयाचे काय? मुळीच नाही. धोक्याच्या जागी जाण्यास जिल्हाधिकारी मनाईहुकूम काढू शकतात, आणि असा हुकूम मोडणाऱ्यास १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली शिक्षा आहे. ती अवश्य व्हावी. मात्र जो पडला त्यास आणि जो हुकूम मोडून कड्यावर गेला पण दैवाने पडला नाही त्यासही सारखीच व्हावी. दंड आज्ञाभंगाचा असावा, जीव वाचविल्याचा नसावा. जळत्या घरात विडी कोणी टाकली, याची चौकशी आग विझल्यावर होते. बंबवाले ती करीत बसत नाहीत.

खरे देणे निराळेच आहे, आणि ते आपणा सर्वांचे आहे. सौताड्यासारख्या प्रत्येक ठिकाणी मजबूत दोर, स्ट्रेचर व ती साधने वापरण्यास शिकविलेली गावातीलच माणसे असावीत. दरीत उतरणाऱ्या स्वयंसेवकाचा विमा सरकारने उतरावा. पडलेल्याकडून किती घ्यावे, याचा खल करणाऱ्यांनी वाचविणाऱ्यास आजवर आपण काय दिले, याचा जमाखर्च आधी मांडावा.