मिनिटाला साठ शब्द : वाचनवेगाच्या मूल्यमापनाची समीक्षा

तिसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द अर्थ समजून वाचावेत, असे उद्दिष्ट केंद्र शासनाच्या ‘निपुण भारत’ अभियानाने २०२१ साली निश्चित केले. दुसरीसाठी ते ४५ ते ६० शब्दांचे आहे. या उद्दिष्टात दोन अटी एकत्र नांदतात : एक वेगाची, दुसरी अर्थाची. पहिलीला आकडा मिळाला आहे, दुसरीला नाही. आणि शिक्षणव्यवहारात ज्या अटीला आकडा मिळतो तीच तगते, दुसरी प्रस्तावनेपुरती उरते. वाचनाचा वेग वाढवून देणारी जी सॉफ्टवेअरे गेल्या दशकात शाळांत आणि पालकांच्या मोबाइलवर आली, त्यांचे मूल्यमापन नेमके या पहिल्या अटीवर उभे आहे. ते कसे केले जाते, हा प्रश्न शिक्षणशास्त्राच्या स्वाधीन करून साहित्यसमीक्षा स्वस्थ बसली आहे. वास्तविक ‘वाचन म्हणजे काय’ याचे एक संपूर्ण उत्तर त्या मूल्यमापनात गृहीत धरलेले असते, आणि ते उत्तर तपासण्याचा पहिला अधिकार समीक्षेचाच आहे.

हे मोजमाप आकाशातून पडलेले नाही. लाबर्ज आणि सॅम्युएल्स यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार अक्षर ओळखण्यातच अवधान खर्ची पडले, तर आकलनासाठी ते शिल्लक राहत नाही. स्टॅन्ली डेनो यांनी ऐंशीच्या दशकात अमेरिकेत एका मिनिटाच्या प्रकटवाचनाची चाचणी रूढ केली : घड्याळ लावावे, मुलाने मोठ्याने वाचावे, अचूक शब्द मोजावेत. पुढे जागतिक बँकेत काम केलेल्या हेलन अबाद्झी यांनी कार्यस्मृतीच्या मर्यादेशी या वेगाची सांगड घातली आणि ४५ ते ६० शब्दांचा उंबरठा चर्चेत आणला. या युक्तिवादातील सत्यांश नाकारण्याचे कारण नाही. अक्षर अक्षर लावत वाचणारे मूल वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत त्याचा आरंभ विसरते, हे कोणत्याही प्राथमिक शिक्षकाला ठाऊक असते. चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाचे वाचन ऐकायला शिक्षकाला सवड नसते, घरी आईला लिपी येत नसते. अशा वेळी न कंटाळता, न ओरडता ऐकणारे यंत्र मुलाच्या हाती असणे ही तुच्छतेने बोलण्याची गोष्ट नव्हे. वाद सॉफ्टवेअर असावे की नसावे हा नाही. त्याचे यश कोणत्या परिमाणात सांगितले जाते, हा आहे.

परिमाण आहे ‘शब्द’. आता ‘घराबाहेरच्या झाडाखाली’ ही शब्दसंहती घ्यावी. मराठीत हे दोन शब्द आहेत. हिंदीत ‘घर के बाहर के पेड़ के नीचे’ असे सात होतात. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये नामाला जोडून, नामाचे सामान्यरूप करून लिहिली जातात; हिंदीत परसर्ग नामापासून सुटे लिहिले जातात. मुंबई महानगरपालिकेच्या शाळा आठ माध्यमांतून चालत आल्या आहेत, आणि घाटकोपर काय, अंधेरी काय, एकाच इमारतीत मराठी व हिंदी माध्यमांचे वर्ग शेजारी शेजारी भरणे ही तेथली नित्याची गोष्ट आहे. त्या दोन वर्गांना ६० शब्दांचे एकच उद्दिष्ट लावले, की भिंतीपलीकडच्या मुलापेक्षा मराठी माध्यमाच्या मुलाला त्याच मिनिटात अधिक अक्षरे, अधिक प्रत्यय, अधिक सामान्यरूपे पार करावी लागतात. एवढे करून ते मूल अहवालात ‘मंद’ ठरू शकते. २०२२ च्या पायाभूत अध्ययन पाहणीत राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने २० भाषांसाठी स्वतंत्र मापदंड ठरवले, म्हणजे यंत्रणेलाही या विसंगतीची जाणीव झालेली आहे. तरीही सर्व भाषांना लावलेला ६० हा आकडा उद्दिष्टात तसाच आहे. आणि भाषागणिक आकडा बदलल्याने परिमाण बदलत नाही : एका भाषेच्या आतही ‘तो घरी गेला’ यातील तीन शब्द आणि ‘विद्यार्थ्यांसाठीच्या ग्रंथालयातल्या पुस्तकांबद्दल’ यातील तीन शब्द यांना एकच मोल मिळते. जोडाक्षरे टाळून, लहान शब्द योजून परिच्छेद रचला की वेग वाढतो. मुलाची प्रगती झालेली नसते, परिच्छेदाची झालेली असते.

किंबहुना मोकळ्या जागांनी वेगळा केलेला ‘शब्द’ हा मराठी वाचनाचा आदिम घटकच नव्हे. हस्तलिखित पोथ्यांत अक्षरे सलग लिहिली जात. शब्द कोठे संपतो हे वाचणारा ठरवीत असे. मोडीत तर ओळभर शिरोरेघ आधी ओढायची आणि मग तिच्याखाली अक्षरे लिहीत जायची अशी रीत होती; शब्दांमध्ये अंतर नाही, ऱ्हस्वदीर्घाचा भेदही प्रायः नाही. मोडी वाचणारा कारकून संदर्भ लावल्याशिवाय एक ओळही वाचू शकत नसे, म्हणजे अर्थ हा त्याच्या वाचनाचा शेवट नसून साधन होता. शब्दांमधील अंतर एकोणिसाव्या शतकात मुद्रणाबरोबर स्थिरावले, आणि विरामचिन्हे मराठीत रुजवण्याचे श्रेय मेजर कँडी यांना दिले जाते. वाचकाने कोठे थांबावे हे छापील पानाने सांगावे, यासाठी ती चिन्हे आली. मिनिटकाट्यावर चालणाऱ्या चाचणीत स्वल्पविरामाला मान देणारे मूल नेमके त्या थांबण्यापायी शब्द गमावते.

उच्चाराच्या अंगाने पाहिले तर पेच अधिकच अवघड होतो. ‘जरा’ हा शब्द दंततालव्य ज-काराने उच्चारला तर ‘किंचित’, तालव्य ज-काराने उच्चारला तर ‘वार्धक्य’. ‘चार’ ही संख्या आहे आणि गुरे चारण्याची आज्ञाही. लिपी एकच, उच्चार दोन. देवनागरीने मराठीच्या च, ज, झ यांचे द्विविध उच्चार वेगळे दाखवले नाहीत, त्यामुळे पुष्कळ ठिकाणी आधी अर्थ कळल्याशिवाय अचूक उच्चार होतच नाही. म्हणजे आधी उलगडा, मग वेग, मग आकलन हा जो क्रम वाचनवेगाच्या उपपत्तीत गृहीत आहे, तो मराठी वाक्यात वारंवार उलटा होतो. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांत लिपी भेद करते, पण तो डोळ्यात भरण्याइतका मोठा नाही. समुद्र की डोंगरातल्या घळी, हे ठरवायला मूल क्षणभर थबकते. हे थबकणे वाचनातील दोष मानावे की वाचन? स्टॉपवॉच पहिले उत्तर देते. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांच्या अभ्यासातून दाखवले आहे, की अक्षरप्रधान लिपीतील चिन्हांचा मोठा संच आत्मसात व्हायला प्राथमिक शाळेची कित्येक वर्षे लागतात. रोमन लिपीच्या सव्वीस अक्षरांवर घडलेले कालमान येथे उसने आणणे मुळातच शंकास्पद आहे.

यंत्राच्या कानाचा प्रश्न आणखी निराळा. वेसाव्याच्या कोळीवाड्यातील मूल ‘पाणी’ हा शब्द ‘पानी’ असा वाचते. आरेच्या आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील पाड्यांवरचे वारली मूल आपल्या बोलीच्या वळणाने वाचते. उत्तर भारतीय कुटुंबातून मराठी शाळेत आलेले मूल ‘ळ’ च्या जागी ‘ल’ म्हणते. अर्थ तिघांनाही लागलेला असतो. शिक्षक ते ओळखतो आणि पुढे जातो. वाक्परिचय करणारी प्रणाली कोणाच्या आवाजांवर शिकवलेली आहे, बोलीच्या उच्चाराला ती चूक मानते का, आणि मानत असल्यास त्या चुकीने शब्दसंख्या किती घटते, हे मूल्यमापनाच्या अहवालात पहिल्या पानावर असायला हवे. प्रमाणभाषेचा आग्रह एकेकाळी शाळातपासनीस धरीत. त्याच्याशी निदान वाद घालता येत असे.

या क्षेत्रातील सर्वाधिक गाजलेले उदाहरण गूगलच्या ‘बोलो’ या ॲपचे. ते मार्च २०१९ मध्ये हिंदी व इंग्रजीत आले, आणि मे २०२० मध्ये ‘रीड अलाँग’ या नावाने मराठीसह नऊ भाषांत. उत्तर प्रदेशातील २०० गावांत त्याची चाचणी झाली आणि तीन महिन्यांत ६४ टक्के मुलांच्या वाचनक्षमतेत सुधारणा दिसली, असे प्रसिद्ध करण्यात आले. हा आकडा वृत्तपत्रांतून फिरत राहिला. सुधारणा कशात, ती किती, ॲप बाजूला ठेवल्यावर सहा महिन्यांनी त्यातली किती उरली, हे प्रश्न आकड्याबरोबर फिरले नाहीत. याउलट, मुंबईत १९९० च्या दशकाच्या मध्यात सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेच्या परिवारातून जी ‘असर’ पाहणी २००५ पासून होत आली, तिच्या वाचनकसोटीत घड्याळ नाही. अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट अशा पायऱ्या आहेत, आणि मूल सुट्या शब्दांची माळ ओढते की वाक्य वाचते, हे समोर बसलेला माणूस ठरवतो. ही कसोटी स्थूल आहे, आकलनाविषयी ती फारसे बोलत नाही. पण वाक्य हा घटक तिने सोडलेला नाही, आणि ऐकणारा माणूसही सोडलेला नाही. नव्या यंत्रांनी या साध्या कसोटीच्या पुढे जाण्याऐवजी मागे जावे, हे विचित्र आहे. (महापालिकेने २०१५ मध्ये आठवीच्या विद्यार्थ्यांना टॅब दिले, तेव्हा तर मुख्य चर्चा दप्तराच्या वजनाची होती.)

प्रौढांसाठीच्या वेगवाचन प्रणालींची कथा थोडक्यात सांगता येईल. २०१४ मध्ये ‘स्प्रिट्झ’ने एकामागून एक शब्द एकाच जागी दाखवण्याचे तंत्र गाजवले, प्रत्येक शब्दातले एक अक्षर तांबडे. (‘स्त्री’ या एका अक्षराचे युनिकोडमध्ये सहा संकेत होतात, त्यांतला कोणता तांबडा करायचा, हा प्रश्न त्या तंत्राच्या जनकांना पडण्याचे कारण नव्हते.) डोळा मागे जाऊच नये ही त्यामागची कल्पना. त्याच वर्षी शॉटर, ट्रॅन आणि रेनर यांनी दाखवले, की मागे जाण्याची वाट बंद केली तर आकलन घसरते. कुशल वाचकाच्या नेत्रगतींपैकीही सुमारे १० ते १५ टक्के मागे जाणाऱ्या असतात. रेनर आणि सहकाऱ्यांच्या २०१६ च्या विस्तृत आढाव्याचा निष्कर्ष असा, की वेग आणि अचूकता यांत देवघेव अटळ आहे, आणि वेग वाढतो तो भाषा समृद्ध झाल्याने, डोळ्याच्या कवायतीने नव्हे.

साहित्यविचाराला यात नवे काही नाही. श्क्लोव्हस्कीने १९१७ मध्ये अपरिचितीकरणाची कल्पना मांडली तीच मुळी संवेदन लांबवण्याच्या, अवघड करण्याच्या तत्त्वावर. बार्थने १९७० मध्ये बाल्झाकची एक दीर्घकथा ५६१ तुकड्यांत चिरून वाचली. मर्ढेकरांची कविता मिनिटाला साठ शब्दांनी वाचणारा तिला ओलांडून जातो, वाचत नाही. हे सारे विद्यापीठीय मराठी समीक्षेने आत्मसात केले. इझरच्या ‘गर्भित वाचका’वर चर्चासत्रे झाली, स्वीकृतिसिद्धान्ताचे पेपर काढले गेले. मात्र तो वाचक सातव्या वर्षी कसा घडतो, त्याला कोण घडवते, याची चौकशी कोणी केली नाही. अंधेरी-घाटकोपर पट्ट्यालगत कालिन्याला मुंबई विद्यापीठाचे आवार आहे. तेथील सैद्धान्तिक वाचक आणि आसपासच्या पालिका शाळांतील खरा वाचक यांची गाठ पडलेली नाही. प्राथमिक शाळेतले वाचन हा समीक्षेच्या प्रतिष्ठेला न शोभणारा विषय, असा एक न बोललेला संकेत त्यामागे आहे. तो मोडण्याची किंमत समीक्षेला द्यावी लागली नाही. न मोडल्याची किंमत मुले देत आहेत.

येथे दुसऱ्या टोकाच्या भूमिकेलाही आडवे जायला हवे. आपली परंपरा संथ, चिंतनशील वाचनाची आणि यंत्र तेवढे घाईचे, हे म्हणणे खरे नाही. ज्ञानेश्वरीच्या नऊ हजारांवर ओव्या सात दिवसांत संपवणारे पारायण हा वेगाचाच हिशेब आहे, आणि पाढ्यांची घोकंपट्टी यंत्राच्या कितीतरी आधीची. फरक इतकाच, की पारायण करणाऱ्याने आपल्या वेगाला आकलनाचा पुरावा म्हणून कधी सादर केले नाही. फळ त्याने अन्यत्र अपेक्षिले.

मूल्यमापन करायचेच तर प्रश्न बदलावे लागतील. मुलाने वाचलेली गोष्ट स्वतःच्या बोलीत सांगितली का, ‘जरा’चा उच्चार संदर्भावरून बदलला का, चुकले तेव्हा आपणहून मागे येऊन दुरुस्त केले का, की यंत्राने शब्द हिरवा करण्याची वाट पाहिली, पडद्याबाहेरचे, कोणी न नेमलेले पुस्तक हाती घेतले का. यांतल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देणारी सामग्री या प्रणालींपाशी असू शकते, कारण मुलाचा आवाज यंत्र ऐकतेच. मागे फिरून केलेली दुरुस्ती ही वेगाच्या तक्त्यात केवळ वाया गेलेली सेकंदे म्हणून दिसते. ती वेगळी काढून, मोजून, यशाच्या रकान्यात नोंदवा अशी मागणी शाळांनी, शिक्षण विभागांनी आणि मराठीच्या अभ्यासकांनी निर्मात्यांकडे करायला तांत्रिक अडचण फारशी नाही. ‘निपुण’ची मुदत २०२६-२७ पर्यंतची आहे, आणि त्यानंतरचे तक्ते अजून आखायचे आहेत.