यकृत नवे, प्रतिकारशक्ती जुनीच

यकृताचा आजार म्हटला की आधी दारूचा संशय येतो. ‘प्रायमरी बिलिअरी कोलान्जायटिस’ म्हणजेच पीबीसी या आजाराचे कारण मात्र दारू नव्हे. यात शरीराची प्रतिकारशक्तीच यकृतातील बारीक पित्तनलिकांवर हल्ला करते. पित्त तुंबते आणि वर्षानुवर्षांत यकृत निबर होत जाते. रुग्णांत मध्यमवयीन स्त्रियांचे प्रमाण फार मोठे. पूर्वी या आजाराच्या नावात ‘सिऱ्होसिस’ हा शब्द होता. रुग्णांवर बसणारा दारूचा शिक्का पुसला जावा, यासाठीही २०१५ मध्ये ते नाव बदलण्यात आले.

सततचा थकवा आणि पुरळ नसतानाही अंगाला सुटणारी खाज ही याची लक्षणे. ‘वय झाले’ म्हणून ती अंगावर काढली जातात. रक्तातील अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलेले दिसले, तर एएमए ही चाचणी निदानाला मोठी मदत करते. अर्सोडिऑक्सिकोलिक अॅसिडच्या गोळ्या वेळेवर सुरू झाल्या आणि लागू पडल्या, तर अनेकांवर प्रत्यारोपणाची वेळच येत नाही.

ज्यांच्यावर ती येते, त्यांना प्रत्यारोपणाने नवे आयुष्य मिळते. पण बदलते ते यकृत. प्रतिकारशक्ती तीच राहते. म्हणूनच पाचातल्या एका, काही अभ्यासांनुसार तिघांतल्या एका रुग्णात हा आजार नव्या यकृतात परततो. सुरुवातीला त्रास जाणवेलच असे नाही. एएमए चाचणी प्रत्यारोपणानंतरही बहुधा सकारात्मकच राहते, त्यामुळे तिच्यावरून काही ठरवता येत नाही. खात्री बायोप्सीनेच होते. घाबरण्याचे कारण नाही, कारण आजार बहुधा सावकाश वाढतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात, प्रत्यारोपणानंतर लवकरच याच गोळ्या प्रतिबंधक म्हणून सुरू केलेल्या रुग्णांत आजार कमी वेळा परतल्याचे आणि ते अधिक जगल्याचे दिसले.

शस्त्रक्रियेसाठी नातेवाईक धावून येतात, वर्गणीही जमते. पुढच्या दरमहाच्या औषधांचा आणि तपासण्यांचा खर्च मात्र एकट्या कुटुंबावर पडतो. मग बरे वाटू लागले की पहिली काटछाट तिथेच होते. आपल्याकडे यकृताचा भाग अनेकदा घरातलीच व्यक्ती देते. ते दान वाया जाऊ द्यायचे नसेल, तर शस्त्रक्रियेइतकीच मदत त्यानंतरच्या उपचारांनाही मिळायला हवी. रुग्णानेही डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करू नये.