जीपच्या पाठीवरचे ओझे



लग्नसराई आली की आमच्या वस्तीत पहिला प्रश्न गाडीचा निघतो. एस.टी.ने जावे तर भांडीकुंडी कोण नेणार? सामानाला वेगळा टेम्पो करावा तर दोन भाडी कोणी भरायची? मग एकच जीप ठरते आणि माणसे व सामान तिच्यातच कोंबले जाते. आत जागा संपली की सामान टपावर जाते, टप भरला की मागे. हल्ली कोपऱ्यावरचा वेल्डर लोखंडी अँगलची जाळी करून मागच्या दारावर, स्टेपनीच्या बाहेरून बसवून देतो. त्या जाळीवर काय काय चढते ते आम्ही पुष्कळदा पाहिले होते. मागच्या उन्हाळ्यात ते स्वतःच्या हातांनी चढवलेही.

पुतण्याचे लग्न जुन्नर तालुक्यातल्या एका गावी होते. कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाट चढून जायचे. गावाला उन्हाळ्यात टँकर, म्हणून आम्ही वीस-वीस लिटरचे पाण्याचे तीन जार घेतले. शिवाय भरलेला गॅस सिलिंडर, शेगडी, मोठी पातेली आणि पन्नास किलो तांदूळ. हे सगळे मागच्या जाळीवर गेले. टपावर सतरंज्या आणि आहेराची बोचकी. सात आसनांच्या गाडीत माणसे किती होती ते लिहीत नाही. आरटीओ खात्यातही आमचे वाचक आहेत. मागच्या आसनांवर पाच मुले होती, एवढे मात्र सांगायला हवे.

ड्रायव्हर पंचविशीतला पोरगा. तो निघतानाच म्हणाला, "काका, मागं लई झालं."

आम्ही म्हणालो, "अरे, दोरी पक्की आहे."

दोरी पक्की होती, हे खरे. नऊ ते सहा टेबलावर बसून बेरजा करणाऱ्या माणसाने निदान वजनाची बेरीज करायला हवी होती, ती केली नाही.

पहाटेच्या अंधारात निघालो. समोरून येणारा प्रत्येक ट्रक डिपर मारत होता. ड्रायव्हर पुन्हा पुन्हा सांगत होता की आपला दिवा खालीच आहे. मुरबाड सोडल्यावर तो म्हणाला, "काका, स्टेअरिंग हलकं लागतंय. गाडी वळतीय, पण उशिरा." आम्हाला वाटले, पोराची झोप झालेली नाही.

टोकावड्याला चहासाठी थांबलो तेव्हा उजाडले होते. आमचे थोरले चुलते, तात्या, बाजूला जाऊन आले आणि परत येताना रस्त्याच्या पलीकडेच उभे राहिले. तात्यांनी आयुष्याची बारा वर्षे दुसऱ्याच्या वाड्यावर सालगडी म्हणून बैलगाडी हाकली आहे. तिथूनच ते ओरडले, "आरं, गाडी उलाळ झालीया! बैलं असती तर जू वर जाऊन फास बसला असता त्यांना. मागचं उतरवा आधी."

आम्ही पलीकडे जाऊन पाहिले. गाडीचे नाक वर आणि शेपूट खाली. मागचे पाटे सरळ होऊन गेले होते. दिवे खाली असूनही ट्रकवाल्यांच्या डोळ्यांत का जात होते, ते तेव्हा कळले.

बैलगाडी ज्यांनी हाकली त्यांना उलाळ म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. शहरात वाढलेल्या मुलांसाठी हिशेबाच्या भाषेत सांगतो. समजा, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या कण्यांमध्ये अंतर अडीच मीटर आहे. ओझे मागच्या कण्याच्याही मागे सव्वा मीटरवर टांगले आहे. ओझे १६० किलो. आमचे तेवढेच भरत होते: सिलिंडर गॅससह तीस, जार साठ, तांदूळ पन्नास, भांडी आणि शेगडी वीस. मागच्या चाकांवर १६० किलो वाढले असे कोणीही म्हणेल. पण वाढले २४०. वरचे ८० आले कुठून? पुढच्या चाकांच्या खात्यातून. म्हणजे पुढची चाके ८० किलोंनी हलकी झाली. मागे नावे टाकलेली रक्कम पुढे जमेतून वजा होते, आणि ओझे जितके मागे सरकते तितकी ती वाढते. तेच १६० किलो दोन्ही कण्यांच्या मध्ये ठेवले असते तर दोन्हीकडे वाटले गेले असते.

आता गाडी वळते पुढच्या चाकांनी आणि ब्रेकचा मोठा भारही पुढच्याच चाकांवर पडतो. ती चाके हलकी झाली तर वळणावर गाडी ऐकत नाही. चढावर तर वजन आणखी मागे सरकते. आणि टोकावड्यापुढे माळशेजचा चढच होता.

मागे सामान बांधायची ही रीत जीपबरोबरच आलेली आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिज जीपच्या पाठीवर एका बाजूला जादा चाक आणि एका बाजूला पेट्रोलचा डबा असे. हा वीस लिटरचा डबा मूळ जर्मनांचा, १९३७ सालचा. इंग्रज शिपाई जर्मनांना 'जेरी' म्हणत, म्हणून तो जेरीकॅन झाला. त्याला वर तीन मुठी का, हे बघण्यासारखे आहे: भरलेला डबा दोघांनी धरून न्यावा आणि रिकामे दोन डबे एका हातात एकाने न्यावेत. तीच जीप पुढे मुंबईत महिंद्राने जुळवायला घेतली. आपण तिची ताकद पाहिली, मोजमाप मात्र पाहिले नाही. अमेरिकन लष्कराच्या कागदोपत्री तिचे नाव 'पाव टनी ट्रक' असे होते. पाव टन म्हणजे अडीचशे किलोच्या आसपास. तिच्या पाठीवर एकच डबा होता, भरून सुमारे वीस किलोचा.

स्टेपनी या शब्दाचीही अशीच गंमत आहे. वेल्समधल्या लानेली गावात स्टेपनी स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. तिथल्या डेव्हिस बंधूंनी १९०४ साली जादा चाक बनवले. त्या रस्त्याचे नाव आज आपल्या प्रत्येक ड्रायव्हरच्या तोंडी आहे. असो.

बोलेरो, थार, जिप्सी अशा गाड्यांना ही स्टेपनी मागच्या दारावरच असते. म्हणजे वीस-पंचवीस किलो त्या दाराने आधीच पेललेले असतात, आणि दार बिजागऱ्यांवर टांगलेले. त्यावर आणखी जाळी, जाळीवर सामान. गाडी उभी असताना बिजागरी ते सोसते. खड्ड्यात चाक आदळले की तोच भार क्षणभर दुप्पट होऊन झटका देतो, आणि कल्याणपासून टोकावड्यापर्यंत खड्डे किती ते आम्ही मोजले नाहीत. जार उतरवल्यावर ड्रायव्हरने वरच्या बिजागरीकडे बोट दाखवले. पत्र्याला केसासारखी चीर गेली होती. घाटात ते दार सुटले असते तर सिलिंडर, जार आणि स्टेपनी मागच्या गाडीवर गेली असती. दाराच्या आत पाच मुले होती, हे वर लिहिलेच आहे.

जड सामान मागे न्यायचेच असेल तर जाळी दाराला नव्हे, गाडीच्या सांगाड्याला बोल्टने जखडलेली हवी. ती बाजूला उघडणारी असली म्हणजे दारही उघडते. तरीसुद्धा तिच्यावर हलकेच सामान ठेवावे. अंथरुणे, रिकामी पातेली, ताडपत्री यांची जागा मागे. पाणी, धान्य, हत्यारे यांची जागा आत, खाली, पुढच्या आसनांच्या पाठीला लागून. टपावरही जड काही नको, कारण वजन उंच गेले की वळणावर गाडी कलते. ओढ्यातून किंवा बांधावरून जायचे असेल तर मागे खाली लोंबणारे काहीही वर चढताना जमिनीला घासते आणि उखडते. नायलॉनची दोरी ताणते, म्हणून पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरवर उतरून गाठी पाहाव्यात.

सिलिंडर आणि डिझेलचे डबे मागे बांधू नयेत. पाठीमागून धडक बसली तर पहिला मार त्यांनाच बसतो.

आणखी एक गोष्ट फार जण करतात. मंडपाचे पाइप किंवा खाटेच्या पाट्या लांब पडल्या की मागचे दार अर्धे उघडे ठेवून दोरीने बांधतात. गाडी पळू लागली की तिच्या पाठीमागे हवा ओढली जाते आणि सायलेंसरचा धूर उघड्या दारातून आत येतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नाही, रंग नाही. मुले मागे पेंगतात, डोके दुखते म्हणतात, उलटी करतात, आणि आपण म्हणतो पोराला गाडी लागली. तेव्हा बायाबापड्यांनीही या बाबतीत ड्रायव्हरला सांगायला संकोचू नये.

कायद्याचेही ऐका. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. माल मर्यादेबाहेर बाजूला, पुढे, मागे किंवा उंच गेला तर दंड २०,००० रुपये, आणि माल उतरवण्याचा खर्च वेगळा. मागचा दिवा किंवा नंबराची पाटी सामानाने झाकली तर तीही अडचण. वेगळ्या टेम्पोचे भाडे आम्ही वाचवले होते ते या रकमेच्या पासंगालाही पुरले नसते.

टोकावड्याला मग असे केले. सिलिंडर आणि शेगडी चहावाल्या मावशींकडे ठेवली. "गावात चुली हायेत की," असे तात्या म्हणाले. मावशींचे पाण्याचे पिंप कोरडे होते, म्हणून दोन जार त्यात ओतले. त्यांनी चहाचे पैसे घेतले नाहीत. तांदूळ आणि तिसरा जार आत, ड्रायव्हरच्या पाठीमागे. जाळी सोडली, स्टेपनी काढून मुलांच्या पायांखाली आडवी टाकली, दार दोरीने घट्ट बंद केले. पातेली टपावर सतरंज्यांत गुंडाळली. या सगळ्यात सव्वा तास गेला. तात्या लांब उभे राहून गाडीचे नाक खाली येताना पाहत होते. "आता बसली," म्हणाले आणि स्वतः आत बसले. घाटात ट्रकवाल्यांनी डिपर मारला नाही.

परत आल्यावर ड्रायव्हरने ती जाळी पुन्हा बसवायला नकार दिला. मालकाने तिचा खर्च त्याच्या पगारातून कापायचे ठरवले आहे, असे तो सांगत होता. आम्ही मालकांना वरचा १६० आणि २४० किलोंचा हिशेब, बिजागरीच्या चिरेसह, पत्राने कळवला आहे. जाळीवर सामान आम्ही चढवले होते, तेव्हा कापायचेच असेल तर आमच्या भाड्याच्या पावतीवर वाढवावे, असेही लिहिले आहे. उत्तर अजून आलेले नाही.