टार्गेट मागून घ्या

न्यूझीलंडमध्ये इव्हेंट्स सेल्समध्ये असलेल्या, किंवा त्या वाटेवर असलेल्या मराठी मैत्रिणींना मला एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. कार्यक्रम उत्तम पार पाडता म्हणून कुणी तुम्हाला विभागाची प्रमुख करणार नाही. ज्याच्या नावावर विक्रीचा आकडा असतो, त्याला प्रमुख करतात. म्हणून बढती मागण्याआधी तो आकडा मागा.

या क्षेत्रात बायका कमी नाहीत. कुठल्याही मोठ्या हॉटेलच्या बँक्वेट विभागात जा, तिथल्या कोऑर्डिनेटर बहुतेक बायकाच असतात. हॉलची मांडणी, जेवणातली पथ्यं, माइक, वक्त्यांची विमानं, रात्री अकरा वाजता आलेला ग्राहकाचा घाबराघुबरा फोन, सगळं त्या निभावतात. लग्नघरात सगळ्या किल्ल्या जिच्या कमरेला असतात, पण पत्रिकेत जिचं नाव नसतं, त्या मावशीसारखी त्यांची गत होते. मॅनेजरची जागा निघाली की पहिला प्रश्न येतो, ‘गेल्या वर्षी तू किती धंदा आणलास?’ तिच्या कामाला आकडाच जोडलेला नसतो, त्यामुळे उत्तरही नसतं.

हे बदलता येतं, आणि त्याचं उदाहरण याच देशात आहे. २०२२ च्या महिला क्रिकेट विश्वचषकाच्या मुख्य कार्यकारी अधिकारी होत्या अँड्रिया नेल्सन. त्याच वर्षी झालेल्या महिला रग्बी विश्वचषकाच्या संचालक होत्या मिशेल हूपर. २०२३ च्या महिला फुटबॉल विश्वचषकाची न्यूझीलंडमधली सूत्रं जेन पॅटरसन यांच्याकडे होती. रग्बीचा अंतिम सामना आणि फुटबॉलचा पहिला सामना, दोन्ही ऑकलंडच्या ईडन पार्कवर झाले आणि दोन्ही वेळा ४२ हजारांहून जास्त प्रेक्षक आले. बायकांचे सामने बघायला एवढे लोक येतील का, अशी शंका घेणारे तेव्हा कमी नव्हते. अशा वेळी स्टेडियम भरण्याची जबाबदारी या स्त्रियांनी अंगावर घेतली होती. परिषदांच्या धंद्यातही देशाच्या मुख्य संघटनेचं, म्हणजे बिझनेस इव्हेंट्स इंडस्ट्री आओटेआरोआचं, नेतृत्व लिसा हॉपकिन्स यांनी केलं आहे. दार बंद नाही. पण आत जायचं तर कोणत्या बाजूने जायचं, हे कळायला हवं.

ती बाजू म्हणजे विक्री, आणि त्यातही मोठ्या परिषदांची विक्री. वाढदिवस, लग्नं आणि ख्रिसमस पार्ट्या विकून हात बसतो, पण प्रमुखपदाकडे नेणारं काम परिषदांमध्ये आहे. त्यांच्यासाठीची सभागृहंही आता वाढली आहेत. २०११ च्या भूकंपानंतर क्राइस्टचर्चला नवं सभागृह मिळायला दहा वर्षं लागली. ‘ते पाए’ २०२१ च्या अखेरीस सुरू झालं. वेलिंग्टनचं ‘ताकिना’ २०२३ मध्ये उघडलं. ऑकलंडचं आंतरराष्ट्रीय कन्व्हेन्शन सेंटर २०१९ च्या आगीमुळे वर्षानुवर्षं लांबलं. छोट्या देशात इतक्या थोड्या काळात एवढी मोठी सभागृहं उभी राहिली, आणि ती भरायला विकणारी माणसं लागतात.

डॉक्टरांची किंवा शास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद कार्यक्रमाच्या कित्येक वर्षं आधी विकली जाते. ती इथे आणायची तर त्या विषयातला इथला एखादा प्राध्यापक किंवा डॉक्टर यजमान म्हणून पुढे यावा लागतो. मग बिड तयार होते, आणि टुरिझम न्यूझीलंडची परिषदांसाठी मदतयोजना आहे, तिचा आधार घेता येतो. समितीचे लोक जागा पाहायला येतात, तारखा टेंटेटिव्ह धरल्या जातात, शेवटी करार होतो. या साखळीतली पहिली कडी ज्याच्या हातात, त्याला लोक ओळखतात. विद्यापीठात, हॉस्पिटलात, आयटी कंपनीत आपली किती माणसं आहेत याचा विचार करा. त्यांतला कुणी एखाद्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा सभासद असेल, तर तो उद्याचा यजमान ठरू शकतो. त्याच्याशी बोला आणि ती लीड स्वतःच्या नावावर नोंदवा. नोंद करायला लाजू नका. ‘आपलं काम दिसेलच कुणाला तरी’ या भरवशावर बसलेल्या फार हुशार मुली मी कोऑर्डिनेटरच राहिलेल्या पाहिल्या आहेत.

आकडा मागायचा कसा? साहेबांना सांगा, ‘हा एक छोटा वर्ग मला द्या, संघटनांच्या बैठका किंवा सरकारी खात्यांची प्रशिक्षणं, आणि त्याचं वर्षाचं टार्गेट माझ्या नावावर लावा.’ मान्य झालं की ते ईमेलवर घ्या, आणि टार्गेट पुरं झालं तर पगारात व पदात काय बदलेल, हेही त्याच ईमेलमध्ये येऊ द्या. तोंडी कौतुक साहेब बदलला की हवेत विरतं.

करार वाचायला शिका. १६ मार्च २०२० ला सरकारने ५०० हून जास्त लोकांचे कार्यक्रम थांबवले आणि आठवडा-दीड आठवड्यात सगळा देश बंद झाला. तेव्हा डिपॉझिट कधी परत द्यायचं, तारीख कधी पुढे ढकलायची, पाहुणे ठरल्यापेक्षा कमी आले तर किती पैसे लावायचे, ही कलमं ज्यांना पाठ होती त्यांच्याभोवती सगळी ऑफिसं फिरली. किमान खर्चाची अट, रद्द करण्याचे टप्पे, प्रतिनिधीमागे दर कसा बांधला आहे आणि त्यात नफा किती, हे सगळं कळलं की वित्त विभागाच्या बैठकीत तुम्हाला खुर्ची मिळते.

आता घराचं. संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी काम येणारच, आणि मुलं लहान असताना इथे आजी-आजोबा हाताशी नसतात. कायद्याने तुमच्या हातात काय दिलं आहे ते माहीत असू द्या. पात्र आईला २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. कामाच्या वेळा बदलून मागण्याचा हक्क नोकरीच्या पहिल्या दिवसापासून आहे, आणि मालकाला महिन्याच्या आत लेखी उत्तर द्यावं लागतं. २०२५ च्या दुरुस्तीनंतर सहकाऱ्यांशी आपल्या पगाराबद्दल बोललं म्हणून मालक कारवाई करू शकत नाही. तेव्हा विचारा. शेजारच्या टेबलावरच्या पुरुषाला किती मिळतं हे ठाऊक नसताना केलेली पगाराची बोलणी अंधारात केलेली असतात. व्हिसा एका मालकाशी आणि एका कामाशी बांधलेला असेल, तर नवं पद घेण्याआधी परवानाधारक सल्लागाराला विचारून घ्या. ओळखीच्या काकांचं मत इथे चालत नाही.

गणेशोत्सवासाठी प्रायोजक मिळवणं, हॉलचं भाडं खाली आणणं, पाचशे पानांचं जेवण वेळेवर उठवणं, हे मंडळातलं काम बायोडेटात लिहा. ‘मदत केली’ असं लिहू नका. किती प्रायोजक आणले, किती रक्कम जमवली, गेल्या वर्षीपेक्षा किती वाढ झाली, ते लिहा. मुलाखतीत इथल्या लोकांना बढाई रुचत नाही, पण खरा आकडा शांतपणे सांगितला तर ते मान देतात. स्थानिक माओरी इवीचं, म्हणजे जमातीचं, नाव, स्वागताची रीत आणि कार्यक्रमाच्या सुरुवातीचे शब्द नीट शिकून घ्या. इथला यजमान त्यावरूनच तुमची तयारी जोखतो.

आणि ज्या आधीच मॅनेजर झाल्या आहेत त्यांना माझी विनंती आहे. पुढच्या वेळी मोठ्या ग्राहकाकडे जाताना तुमच्या कोऑर्डिनेटरला सोबत न्या, आणि दराची बोलणी तिला करू द्या.