सेवापुस्तक कोणाच्या कपाटात?

येथे, बंगळुरात, २०२० साली निघालेले ‘कू’ हे समाजमाध्यम जुलै २०२४ मध्ये बंद पडले. तेव्हा आमच्या अनेक स्नेह्यांनी हळहळून म्हटले, ‘आता दुसरे एखादे स्वदेशी माध्यम काढावयास हवे!’ त्यांच्या हळहळीत आम्हीही सामील आहोत. उपायास मात्र आमचा स्पष्ट विरोध आहे. मालक स्वदेशी होता म्हणून तेथे जमलेला गोतावळा वाचला काय? परदेशी ‘ऑर्कुट’ २०१४ साली मिटले, तेव्हाही हेच घडले होते. दोष मालकाच्या कुळात नाही. सारे दप्तर एकाच मालकाच्या कपाटात असण्यात आहे.

बदलीच्या नोकरीत आयुष्य गेलेल्या वाचकांस हे निराळे सांगावयास नको. बिऱ्हाड बदलते, कचेरी बदलते. सेवापुस्तक मात्र मागोमाग येते. समाजमाध्यमांतही हे साधते. ‘प्रोटोकॉल’ म्हटले की आपणांस राजशिष्टाचार आठवतो. येथे तो यंत्रांच्या परस्परव्यवहाराचा नियम होय. असे दोन नियम आज प्रमुख आहेत. ‘मॅस्टोडॉन’ ज्यावर चालते त्या ‘ॲक्टिव्हिटीपब’मध्ये स्वतंत्र घरे पुष्कळ, घर बदलले तर अनुयायी बरोबर येतात, पण जुने लेखन मागेच राहते. ‘ब्लूस्काय’च्या ‘एटी प्रोटोकॉल’मध्ये लेखनही हलविता येते, परंतु बहुतेक बिऱ्हाडे अद्याप एकाच कंपनीच्या चाळीत आहेत. शिवाय या दोघांस एकमेकांची भाषा कळत नाही. ‘ब्रिजी फेड’सारखा दुभाष्या मध्ये बसवावा लागतो. मोकळेपणाची ग्वाही देणाऱ्यांनी आपापसांत तरी भिंती का घालाव्यात?

हे सारे सामान्यांच्या आवाक्याबाहेरचे आहे, असा आक्षेप येईल. तो आम्हांस मान्य नाही. जुलै २०१५ पासून बदली होऊन दुसऱ्या राज्यात गेले तरी मोबाइलचा जुना क्रमांक ठेवून कंपनी बदलता येते. त्यासाठी कोणाला तारायंत्राचे शास्त्र शिकावे लागले? ती सोय कंपन्यांच्या औदार्याने आलेली नाही. नियामकाने नियम केला म्हणून आली.

परप्रांतातील मराठी माणसाचा गणगोत आज पुष्कळसा याच माध्यमांत जमतो, आणि तेथील मराठी लेखन कोणत्याही ग्रंथालयात जमा होत नाही. म्हणून नव्या मालकाचा शोध पुरे झाला. मागणी करावयाची ती दप्तर हलविण्याच्या हक्काची. कोणत्याही माध्यमात पाऊल टाकण्यापूर्वी एवढेच विचारावे: उद्या बदलीचा हुकूम आला, तर माझे सेवापुस्तक माझ्याबरोबर येईल काय?