तापीच्या उगमाला ड्रिल, नवागामला टिप

नवागामच्या टपरीवर मागच्या महिन्यात एका पोरानं चहा बाजूला ठेवून मोबाइल पुढं केला. लूमवर बारा तासांची पाळी मारून आलेला, डोळे लाल. "दादा, हे बघ. तांबं-जस्त शोधणारी कंपनी आहे, शेअर अजून स्वस्त आहे. ग्रुपवर सांगितलंय, सहा महिन्यांत दहापट. घेऊ का?"

मी त्याला विचारलं, कंपनीची खाण कुठं आहे? तो म्हणाला, खाण नाही, शोध चालू आहे. मग विकते काय? त्यावर तो हसला.

त्याच आठवड्यात त्याच्या बहिणीचा फोन आला. तिचं सासर मुलताईकडं, बैतूल जिल्ह्यात. गावात एक गाडी आली होती, दोन-तीन माणसं शेतातून मातीचे नमुने पिशव्यांत भरून, त्यावर नंबर टाकून घेऊन गेली. कोण होती, कुणालाच माहीत नाही. सरपंचाकडं एक कागद आलाय म्हणे, पण त्यावरचे शब्द कुणाला लागत नाहीत. "भाऊ, जमीन जाईल का रे?"

टपरीवरची कंपनी आणि गावातली गाडी एकच होती असं मी म्हणत नाही. पण धंदा एकच आहे, आणि आपल्या पोरांना तो दोन्ही टोकांनी भेटतो. नवागाममध्ये त्याच्या पगारातून, गावात त्याच्या बांधावरून. म्हणून हे लिहितोय.

तापी मुलताईला उगम पावते आणि आपल्या सुरतेला समुद्राला मिळते, हे शाळेत सगळ्यांनी पाठ केलंय. मधला सगळा पट्टा, म्हणजे आपला खानदेश, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या काळ्या पाषाणाखाली दबलेला. नंदुरबार-धुळ्याच्या पोरानं विहीर खणताना तोच फोडलेला असतो. या पाषाणात तांबं-जस्त शोधायला सहसा कुणी येत नाही. पण बैतूल जिल्ह्यात त्याहून कितीतरी जुने खडक वर आलेत, आणि त्यांत जस्त, तांबं, थोडं शिसं आहे. बांसखापा, पिपरिया, मुआरिया ही नावं भूवैज्ञानिकांच्या अहवालांत कित्येक वर्षांपासून आहेत. बालाघाटला मलाजखंड आहे, तांब्याची देशातली सर्वात मोठी खाण. हिंदुस्तान कॉपरनं १९८२ मध्ये ती सुरू केली. आपल्या बाजूला चंद्रपूरच्या ठाणेवासना इथं तांबं, नागपूरच्या कोलारी-भानोरीला जस्त. नकाशा काढून बघा, महाराष्ट्राच्या पूर्वेकडची हद्द आणि हे पट्टे जवळजवळ बरोबर चालतात.

आता शोध म्हणजे काय. आधी जुने नकाशे, मग ओढ्यातली रेती आणि शेतातली माती तपासायची. मग जमिनीची विद्युत आणि चुंबकीय मोजणी. एवढं करून काही दिसलं तर ड्रिल. ड्रिलच्या टोकाला औद्योगिक हिरे बसवलेले असतात (वराछ्यात घासतात ते नव्हे, पण हिरेच), आणि खडकाची लांब काठीसारखी नळी बाहेर येते. ती पेटीत क्रमानं मांडून ठेवतात, कापतात, प्रयोगशाळेत पाठवतात. त्यातून आकडा येतो. तांबं १ टक्का, म्हणजे एक टन दगडामागं १० किलो. हा आकडा चांगला धरला जातो, पण दोन भोकांत आला म्हणजे खाण झाली असं नाही. असा दगड किती खोल आहे, किती लांब आहे, काढायला खर्च किती, हे कळायला अनेक भोकं आणि अनेक वर्षं लागतात. बहुतेक ठिकाणी शेवटी काहीच होत नाही. गाडी निघून जाते.

म्हणून छोटी शोध-कंपनी माल विकत नाही. ती शक्यता विकते.

याची नामी गोष्ट ऑस्ट्रेलियातली आहे. १९६९ च्या सप्टेंबरात पोसायडन नावाच्या एका छोट्या कंपनीला पश्चिम ऑस्ट्रेलियात विंडारा इथं निकेल सापडलं. शेअर एका डॉलरच्याही खाली होता. फेब्रुवारी १९७० मध्ये तो २८० डॉलरला गेला. तिच्या नादानं ज्यांच्याकडं माळरानाच्या तुकड्याशिवाय काही नव्हतं अशा कंपन्यांचेही शेअर उडाले. विशेष म्हणजे निकेल खोटं नव्हतं, खरंच होतं. पण वाटलं तितकं कसदार नव्हतं, काढायला वेळ लागला, भाव उतरला. १९७६ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि खाण दुसऱ्यानं घेतली. वर चढताना ज्यांनी विकलं ते श्रीमंत झाले. ज्यांनी शेवटी घेतलं त्यांच्यात आपल्या टपरीवरच्या पोरासारखेच बरेच असणार.

भारतातही आता अशा छोट्या कंपन्यांना दार उघडलंय. छत्तीसगडच्या महासमुंदमध्ये, ओडिशाच्या हद्दीजवळ, निकेल-तांब्याचा भालुकोना-जामनिडीह ब्लॉक २०२३ मध्ये लिलावात डेक्कन गोल्ड माइन्सला मिळाला. मुंबई शेअर बाजारात नोंदलेली ही लहान कंपनी. त्याच वर्षी खाण कायदा बदलला आणि 'शोध परवाना' नावाचा नवा प्रकार आला. तांबं, जस्त, शिसं, निकेल धरून २९ खनिजांसाठी. एका परवान्यात १००० चौरस किलोमीटरपर्यंत क्षेत्र, मुदत ५ वर्षं, वर २ वर्षं वाढ. तीन वर्षांनी त्यातला जास्तीत जास्त चौथा हिस्सा ठेवायचा, बाकी सोडायचा. पुढं खाणीचा लिलाव झाला तर शोधणाऱ्याला त्या बोलीतला वाटा. या परवान्यांचा पहिला लिलाव मार्च २०२५ मध्ये गोव्यात जाहीर झाला, १३ ब्लॉकचा. आणि बोली उलटी लागते. जो सर्वात कमी वाटा मागेल त्याला परवाना.

माझं म्हणणं असं आहे की शोध घेण्याला विरोध करून उपयोग नाही. तुमच्या-माझ्या मोबाइलमध्ये, लूमच्या मोटरमध्ये तांबंच आहे. ते कुठून तरी येणारच. सरकारी भूवैज्ञानिक संस्था १८५१ पासून हेच काम करतेय, आणि कुठं काय आहे हे कळणं वाईट नाही. वाईट हे आहे की ज्याच्या जमिनीखाली शोधायचं त्यालाच सगळ्यात शेवटी कळतं.

कसं ते बघा. खाणीसाठी पर्यावरण मंजुरी लागते, तेव्हा जनसुनावणी होते. शोधासाठी होत नाही. २०२३ च्या वनकायद्यातल्या दुरुस्तीनं जंगलातल्या अशा सर्वेक्षणालाही सूट देण्याचा अधिकार केंद्राला मिळाला. पेसा कायदा आहेच की, असं कुणी म्हणेल. डांग जिल्हा, नंदुरबारचा आदिवासी पट्टा, बैतूलचाही काही भाग पाचव्या अनुसूचीत येतो. पण पेसात ग्रामसभेची शिफारस बंधनकारक आहे ती गौण खनिजांना, म्हणजे वाळू, खडी वगैरेंना. तांबं-जस्त प्रमुख खनिजं. तिथं ग्रामसभेशी सल्लामसलत येते ती जमीन संपादन करायच्या वेळी. ओडिशात नियमगिरीच्या १२ ग्रामसभांनी २०१३ मध्ये बॉक्साइटच्या खाणीला नाही म्हटलं, ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्यावर. तोवर किती वर्षं निघून गेली होती! आणि जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी? तो रॉयल्टीवर ठरतो, म्हणजे खनिज निघाल्यावर. शोध चालू असताना गावाच्या वाट्याला भोक आणि धूळ.

एक कलम मात्र हातात आहे, आणि ते फार कमी लोकांना ठाऊक असतं. खाण कायद्याचं कलम २४-अ. परवानाधारक जमिनीवर येऊ शकतो हे त्यात आहे, पण त्याच कलमात हेही आहे की जमीन कसणाऱ्याचं जे नुकसान होईल त्याची भरपाई त्यानं द्यायची, आणि ती राज्य सरकारच्या अधिकाऱ्यानं ठरवायची. तुरीचं उभं पीक तुडवलं गेलं, ड्रिलच्या गाडीनं बांध फोडला, तर ती कुणाची मेहरबानी नाही. फोटो काढा, तारीख लिहा, तलाठ्याला, तिकडं पटवाऱ्याला, कळवा.

आता भाषेचं. १९५६ मध्ये राज्यं पुन्हा आखली तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले, बैतूल-बालाघाट तिकडं राहिले. तिथल्या आपल्या माणसांना हिंदी येत नाही असं नाही, बाजारात सगळे बोलतात. पण 'पूर्वेक्षण अनुज्ञप्ति सह खनन पट्टा' ही हिंदी कुठल्या बाजारात बोलतात? खुद्द हिंदीवाल्याला कळत नाही. (आपल्याकडचं 'पूर्वेक्षण परवाना' काही फार सोपं आहे असं नाही म्हणा.) भाषिक अल्पसंख्याकांसाठी जुना नियम आहे. एखाद्या जिल्ह्यात किंवा तालुक्यात अल्पसंख्य भाषेचे लोक १५ टक्के किंवा जास्त असतील तर महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही काढायच्या. शाळा आणि पाट्यांसाठी आपण हा नियम कितीदा मांडतो. खनिजाच्या कागदासाठी कुणी मांडलेला मी ऐकला नाही. आणि संविधानाचं कलम ३५० तर प्रत्येकाला आहे. तक्रार-अर्ज राज्यात किंवा केंद्रात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत करता येतो.

त्या पोराला मी शेअर घेऊ नको असं सांगितलं नाही. त्याचा पैसा आहे, आणि नको म्हटलं की मुद्दाम घेतात. एवढंच म्हटलं, कंपनीच्या कागदात तीन गोष्टी शोधून दाखव: परवाना कुठल्या प्रकारचा आणि कधीपर्यंतचा, भोकं किती मारली, आणि बँकेत पैसे किती महिन्यांचे उरलेत. दोन दिवसांनी आला. पहिलं सापडलं नाही, दुसरं सापडलं नाही, तिसरं सापडलं आणि ते बघून तो गप्प झाला.

रविवारी त्याच्या खोलीवर बसून आम्ही त्याच्या भाऊजींच्या नावानं जिल्हा खनिज अधिकाऱ्याला अर्ज लिहिला. परवाना कुणाचा, क्रमांक काय, कुठल्या सर्व्हे नंबरवर काम होणार, ड्रिल होणार का, भोकं नंतर बुजवणार कोण, विहिरींचं पाणी आधी तपासणार का. आधी मराठीत, खाली हिंदीत. भाऊजी फोनवर म्हणाले, मराठीतला काढून टाका, साहेब चिडेल. बहीण मागून म्हणाली, राहू दे, मला वाचता येतो तो.

अर्ज सोमवारच्या स्पीड पोस्टनं गेला. पोचपावती जपून ठेवलीय.