उत्पन्न मोठे, घर दुर्मिळ

एखादा प्रदेश राहण्यास योग्य आहे की नाही, हे तेथील सरासरी उत्पन्नावरून ठरविण्याचा प्रघात फसवा आहे. कॅलिफोर्नियातील सांता क्लारा काउंटी हे संगणक उद्योगाचे माहेरघर. अनेक मराठी कुटुंबेही तेथे स्थिरावली आहेत. परंतु वर्षाला एक लाख डॉलर मिळविणारे चौघांचे कुटुंब तेथे सरकारी निकषानुसार ‘अल्प उत्पन्न’ गटात मोडते; कारण साधे घरही दहा लाख डॉलरच्या पुढे गेले आहे.

करांचे गणितही विषमच. १९७८ च्या ‘प्रस्ताव १३’ ने मालमत्ता कराचा मूळ दर १ टक्क्यावर रोखला आणि घर विकले जाईपर्यंत त्याचे करपात्र मूल्य साधारणतः वर्षाला २ टक्क्यांहून अधिक वाढविण्यास मनाई केली. परिणामी, शेजारच्या सारख्याच घरासाठी नवा खरेदीदार जुन्या मालकाच्या कित्येक पट कर भरतो. वृद्धांची घरे या तरतुदीने वाचली, हे खरे. पण भार नवागतांवर पडला.

तेव्हा कसोटी एकच: कर आणि घरखर्च वजा जाता तेथील शिक्षकाच्या वा परिचारिकेच्या हाती काय उरते? ज्यांच्या श्रमावर गाव चालते, त्यांनाच गावाबाहेर राहावे लागत असेल, तर त्या वैभवाला समृद्धी म्हणता येणार नाही.